पळसखिंडीचे बिनविरोध डॉक्टर

सरकारी डायरीत ‘आज दुपारी झोपलो’ असं लिहिणारा एकच माणूस मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला. त्यांचं नाव दस्तगीर मणेर. हुद्दा व्हॅक्सिनेटरचा, म्हणजे गावोगाव हिंडून पोरांना देवीची लस टोचायची. माण तालुक्यातल्या अर्ध्याअधिक दंडांवर त्यांच्या हातचे वण होते आणि त्या दंडांचे मालक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. डॉक्टर ते नव्हते. थोडीफार शाळा आणि वर खात्याचं काही महिन्यांचं शिक्षण, एवढीच त्यांची विद्या. पण त्या भागात ‘डाक्टर आलं’ असं कुणी म्हटलं, तर दवाखान्यातले खरे डॉक्टर आले असतील अशी शंकासुद्धा कुणाला येत नसे.

मी तेव्हा साताऱ्याला आरोग्य खात्याच्या कचेरीत कारकून होतो. मूळचा सांगलीचा, म्हणजे संस्थानातला. संस्थानी माणसाला दोन गोष्टी चांगल्या येतात, मुजरा करणं आणि वेळ मारून नेणं. त्या दोन्हींवर माझी नोकरी सुखात चालली होती. जिल्ह्यातल्या सगळ्या व्हॅक्सिनेटरांच्या डायऱ्या दरमहा माझ्या टेबलावर येत. सकाळी निघालो, अमुक गाव गाठले, इतकी मुले टोचली, मुक्काम केला. पाऊस असो, पाडवा असो, नाहीतर घरात लग्न असो, या लोकांचं काम कधी थांबत नसे. मी या डायऱ्या न वाचताच ‘पाहिली’ असा शेरा मारीत असे. एकदा शाई वाळायची वाट बघत असताना सहज नजर गेली आणि मणेरांची ती झोप दिसली.

मला वाटलं, चुकून लिहिलं असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा बघितलं. ‘गावात लग्न. पोरे मांडवात. काम नाही. जेवलो. जेवण चांगले होते.’ आता हे वर गेलं असतं, तर माणसाची धडगत नव्हती. मी खाजगीत चिठ्ठी लिहिली, की मणेर, झोपा, जेवा, पण लिहू नका. महिन्याभरानं ते लस न्यायला साताऱ्याला आले, तेव्हा माझ्या टेबलाशी उभे राहून हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, मी झोपलो ते समद्या गावानं बघितलं. मग सरकारलाच तेवढं का कळू नये?”

मी चहा मागवला.

दिसायला माणूस अगदी साधा. ठेंगणा, काटक, उन्हानं रापलेला. पांढरा लेंगा, वर खाकी कोट, डोक्याला रुमाल आणि खांद्याला कातडी पिशवी. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ते एका छोट्या गाडग्यात ठेवत आणि ते गाडगं पोटाशी धरून चालत. वाटेत कुणी रामराम केला, तर हात उचलायच्या आधी गाडगं सांभाळत.

त्यांचे वडील वाईला बांगड्या भरत. घाटाकडे जाणाऱ्या बोळात त्यांचं बसकं दुकान होतं. मणेरांचं लहानपण त्या दुकानात गेलेलं. चुडा भरायला आलेली बाई दुखतंय म्हणून हात मागे ओढते, आणि ओढला की काच फुटून हाताला लागते. म्हणून बांगडीवाला आधी हात धरायला शिकतो. घट्ट नाही, सैल नाही. हीच धरण्याची रीत मणेरांनी पोरांच्या दंडाला लावली. दुसरे व्हॅक्सिनेटर गावात शिरले, की कोतवाल पोरांच्या मागे धावे, आया पोरांना कणगीत लपवत, गावभर रडारड. मणेर पारावर बसत, जवळ येईल त्या पोराचा हात नुसता हातात घेत आणि त्याच्या आईशी कोंबड्यांविषयी बोलत. बोलता बोलता टोचून झालेलं असे. पोर रडायला लागे ते हात सुटल्यावर, आणि तेही बाकीचे हसताहेत म्हणून. “हात धराया जमला की निम्मं काम झालं,” असं ते नव्या माणसांना शिकवत. उरलेलं निम्मं काय, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

रजिस्टरात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लिहायचा रकाना होता. मणेर शेऱ्याच्या जागी आईचंही नाव लिहीत. हा जादा मजकूर कशासाठी, असं साहेबांनी एकदा विचारलं. मणेर म्हणाले, “साहेब, बाप मुंबईला गिरणीत. गावात चौकशी केली तर ‘हौसाचा पोरगा’ म्हटल्यावर घर सापडतं.” त्यानंतर साहेबांनी सगळ्याच व्हॅक्सिनेटरांना आईचं नाव लिहायचा हुकूम काढला आणि माझं काम वाढवून ठेवलं.

नियमांचं त्यांना फार. पण नियमावर बोट ठेवून दुसऱ्याला अडवणारी जी जात आमच्या कचेरीत होती, त्यातले ते नव्हते. त्यांचे नियम फक्त त्यांच्यापुरते असत. एकदा लोकल बोर्डाची निवडणूक लागली, तेव्हा ते मुद्दाम माझ्याकडे आले. सरकारी नोकरानं निवडणुकीत कसं वागायचं, हे कुठं लिहिलंय का, असं विचारू लागले. मी कपाट धुंडाळलं. धूळ झटकून पुस्तक काढलं आणि खरं सांगायचं तर तो नियम मीही तेव्हाच पहिल्यांदा वाचला. सरकारी नोकरानं मत द्यावं, पण कुणासाठी मागू नये. कुणाच्या प्रचारात पडू नये. आणि स्वतः कुठल्याही स्थानिक संस्थेला, बोर्डाला, पंचायतीला उभं राहू नये. मणेरांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं, खाली ओळ मारली आणि गेले.

पुढची हकिगत मला तालुक्यातल्या तीन निरनिराळ्या माणसांनी सांगितली, म्हणजे ती खरी असणार. मणेर दहिवडीहून भर उन्हात पायी निघाले होते. मागून एका उमेदवाराची बैलगाडी आली.

“डाक्टर, या, बसा.”

“नगं. चालतो.”

“आवं, ऊन काय म्हंतंय! आमी काय परकं हाय व्हय?”

“परकं न्हाई, म्हणून तर,” मणेर म्हणाले. “तुमच्या गाडीतनं गावात उतरलो म्हंजे माझ्या तोंडानं मत मागितल्यागत झालं. मला मत द्यायची परवानगी हाय, मागायची न्हाई.”

गाडी थोडी पुढे गेली तोच दुसऱ्या उमेदवाराची गाडी मागून आली. त्यालाही तेच उत्तर. मग दोघा उमेदवारांना एकमेकांचा संशय आला. आपण पुढे गेलो, तर हा डॉक्टरांना गाडीत घेईल, म्हणून दोघेही गाडी मणेरांच्या पावलाच्या बेतानं हाकू लागले. अशी ती वरात निघाली, पुढे एक गाडी, मागे एक गाडी आणि मधे गाडगं पोटाशी धरून चालणारे मणेर. सहा मैल! त्या वाटेवर जेवढी गावं लागली, तेवढ्या गावांत हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. आणि त्या हसण्यातच माणसांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली, की हा माणूस कुणाच्या गाडीत बसत नाही.

त्याच गोष्टीनं पुढे त्यांचा घात केला.

मणेरांचं ठाणं पळसखिंडीला होतं. गाव तसं लहान, पण त्यात दोन गावं. वरची आळी आणि खालची आळी. भांडण कशावरून सुरू झालं, हे दोन्ही आळ्यांतल्या म्हाताऱ्यांना आठवत नव्हतं, पण ते चालू ठेवलं पाहिजे एवढं सगळ्यांना कळत होतं. गावात पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, आणि ती माघातच तळ दाखवायची. तिथून पुढे बायका दोन कोसांवरून पाणी आणत. सरकारनं नवी विहीर मंजूर केली होती. ती कुठं पाडायची हे गावच्या पंचायतीनं ठरवायचं होतं, आणि पंचायत नव्यानं व्हायची होती. म्हणजे ज्या आळीचा सरपंच, त्या आळीत विहीर. वरच्यांचा माणूस खालच्यांना चालेना, खालच्यांचा वरच्यांना. असे दोन उन्हाळे गेले आणि विहिरीचा कागद तालुक्याच्या कचेरीत पडून राहिला.

दोन्ही आळ्यांच्या मधल्या बोळात एका भाड्याच्या खोलीत मणेर आणि त्यांच्या पत्नी फातिमाभाभी अकरा वर्षं राहत होते. मुली उजवून सासरी गेल्या होत्या. भाभींच्या हातची गूळपोळी वरच्या आळीत जाई आणि खालच्या आळीची भाजी त्यांच्या परडीत येई. गावात दोन्हीकडे चुलीपर्यंत जाऊ शकेल असं हे एकच घर होतं.

तेव्हा सुभेदारांच्या डोक्यात कल्पना आली. सुभेदार खाडे, बर्म्याच्या लढाईतून नुकतेच पेन्शनीवर आलेले, खालच्या आळीचे, पण वर्दीमुळे वरच्यांनाही थोडे मान्य. त्यांनी चावडीत दोन्ही आळ्या बसवल्या आणि म्हणाले, “डाक्टरला करा सरपंच. बोला, कुणाची ना हाय?” कुणाचीही ना नव्हती. पळसखिंडीत असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्या वर्षी पंजाब आणि बंगालच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरून येत होती. अशा दिवसांत एका माळावरच्या गावानं एकमतानं निवडलेला माणूस मणेर होता, याचं मला आज लिहिताना विशेष वाटतं. पळसखिंडीला तेव्हा त्यात काहीच विशेष वाटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या गावाला मनातून मानतो.

सगळे मिळून मणेरांकडे गेले. त्यांनी वही काढून नियम वाचून दाखवला. “सरकारी नोकर हाय मी. उभा ऱ्हायलो तर नोकरी जाईल. मला मोठं करू नगा, बाबांनो. पाण्याचं तुमचं तुमी ठरवा.”

गाव परतलं. पण सुभेदार फौजी माणूस. समोरून चढता येत नसेल, तर बाजूनं वळसा घालायचा हे त्यांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी विचार केला, की नियम आहे तो उभं राहण्याबद्दल. गावानंच उचलून उभं केलं, तर त्यात डॉक्टरांचा काय दोष? आणि सरकारचाच माणूस सरपंच झाला, तर सरकार खूषच होईल की! हा हिशोब सुभेदारांनी मनाशी इतका चोख बसवला होता, की त्यात फसवणूक आहे हे त्यांना स्वप्नातही आलं नसेल.

ते दिवस रेशनचे होते. कार्डासाठी अर्ज करायचे आणि अर्जावर लिहिता येणाऱ्या माणसाची साक्ष लागायची. गावात चार अक्षरं येणारे थोडेच. मणेर एका बैठकीला तीस-चाळीस अर्जांवर सह्या करत. प्रत्येक अर्ज वाचून, अंगठेवाल्याला विचारून, मग सही. एके सकाळी सुभेदारांनी अर्जांचा गठ्ठा आणून ठेवला आणि म्हणाले, “समदे मी बघितल्यात, डाक्टर. तुमी निस्त्या सह्या ओढा.” सुभेदारांनी बघितलेत म्हटल्यावर मणेरांनी आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सह्या केल्या. त्या गठ्ठ्यात मधोमध पंचायतीच्या उमेदवारीचा अर्ज होता.

सरपंचपदासाठी दुसरा अर्ज कुणी भरलाच नाही.

निकालाच्या दिवशी मणेर अंगणात बसून पिशवीला टाके घालत होते. हलगीचा आवाज जवळ येऊ लागला. त्यांनी भाभींना विचारलं, “आज कुणाचं लगीन हाय गं?” तेवढ्यात वरची आळी आणि खालची आळी एकाच दारातून आत शिरली. पुढे सुभेदार, हातात झेंडूचा हार. “डाक्टर, तुमी सरपंच झालासा! बिनविरोध!” कुणी गुलाल टाकला, कुणी पाया पडलं. मणेरांनी विचारलं, “सही?” सुभेदार खळखळून हसले आणि म्हणाले, “तुमचीच की!”

त्यांनी हार काढून हळूच दाराच्या खुंटीला अडकवला. कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. भाभींना सगळ्यांसाठी चहा करायला सांगितला. माणसं निघून गेल्यावर गुलाल धुतला आणि कागद घेऊन बसले. भाभींनी पुढे हे मला सांगितलं. म्हणाल्या, “मी लय विनवलं, भाऊसाब. म्हटलं, आवं लिवू नका. एवढ्या लांब सायब कुठं बघाया येतोय? तर म्हनाले, सायब बघत न्हाई, म्हणून तर आपन लिवायचं.”

तिसऱ्या दिवशी ते साताऱ्याला माझ्या टेबलाशी उभे होते. हातात स्वतःविरुद्धची तक्रार. स्वतःच्याच अक्षरात, शुद्ध, कुठं खाडाखोड नाही. ‘मी सरकारी नोकर असून पळसखिंड पंचायतीत निवडून आलो आहे. अर्जावरील सही माझी आहे. नियमाचा भंग झाला आहे. योग्य ती कारवाई व्हावी.’

मी कागद वाचला आणि टेबलावर पालथा घातला. “मणेर, हा कागद मला दिसलाच नाही. तुम्ही परत जा. पंचायतीचा मुकाट्यानं राजीनामा द्या. कुणाला कळणार नाही.”

“तुमाला कळलं की,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला सगळी हकिगत सांगितली, गठ्ठ्याची, सुभेदारांची, न वाचता केलेल्या सह्यांची. मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, “मग झालंच की! उद्या साहेबांपुढे हेच सांगा. फसवून सही घेतली. तुमचा केसही वाकडा होणार नाही.”

“आन् सुभेदाराचं?”

मी कारकून. कायद्याचं विचारलं की जीभ आपोआप चालते. मी सांगून टाकलं, की फसवून सही घेणं हा गुन्हा आहे, कागद फौजदाराकडे जाईल, खटला होईल, आणि शिक्षा झाली तर सुभेदारांची लष्करी पेन्शनही जाईल.

मणेरांनी पाणी मागितलं. प्याले, गाडगं उचललं आणि मुक्कामाला गेले. सव्वीस वर्षांची नोकरी, पुऱ्या पेन्शनीला चार वर्षं उरलेली. त्या बापड्याला उद्या एक वाक्य बोलायचं होतं आणि तो सुटत होता. मी निर्धास्त होतो.

एवढंच नाही, मी सकाळी लवकर कचेरीत जाऊन एक शहाणपणाही केला. त्या महिन्याची त्यांची डायरी शोधून काढली. माझी खात्री होती, या माणसानं तेही लिहिलं असणार. लिहिलं होतं! ‘रेशनच्या अर्जांवर साक्षीच्या सह्या केल्या. अर्ज सुभेदार खाडे यांनी आणले, म्हणून वाचले नाहीत.’ मी खूष होऊन त्या पानात खूण घातली आणि डायरी साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. साहेबांनी ते पान वाचलं, मान डोलावली आणि मणेरांना आत बोलवायला सांगितलं.

आमचे साहेब मितभाषी. शिस्तीचे, पण माणूस ओळखणारे. त्यांनी मला जबानी लिहून घ्यायला बसवलं.

“मणेर, नीट विचार करून उत्तर द्या. सही करताना तुम्ही तो अर्ज वाचला होता का?”

“व्हय, साहेब. वाचला हुता.”

माझा टाक जागच्या जागी थांबला.

“कसला अर्ज आहे, हे तुम्हाला समजलं होतं?”

“समजलं हुतं.”

“नियम ठाऊक होता?”

“पाठ हाय, साहेब.”

“कुणी तुम्हाला फसवून सही घेतली, असं काही?”

“न्हाई. पेन माझ्याच हातात हुतं.”

खोटं बोलण्याची सवय लागते. मला होती, म्हणून मी सांगू शकतो. सवय नसलेल्या माणसाचा आवाज चढतो नाहीतर बसतो. मणेरांचा अगदी बसला होता आणि कपाळावर घाम साचला होता. ते उभे होते ते मात्र ताठ. सव्वीस वर्षांत दुपारची झोपसुद्धा न लपवणारा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलत होता, आणि ते खोटं त्याला त्याच्या भाकरीइतकं महाग पडणार होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की साहेब, डायरी! पण साहेबांच्या पुढ्यात ती उघडीच होती.

साहेब डायरीकडे बघत होते. मग मणेरांकडे. मग पुन्हा डायरीकडे. शेवटी त्यांनी माझी खूण काढली, डायरी मिटली आणि माझ्याकडे सरकवली. म्हणाले, “ही जुन्या दप्तरात टाका. या चौकशीत तिचं काम नाही. आणि जबानी लिहा, जशी सांगताहेत तशी.”

मी लिहिली.

नियमाप्रमाणे ते बडतर्फ व्हायचे. साहेबांनी वर खटपट करून, जुनी सेवा दाखवून, शिक्षा मुदतीआधी सक्तीच्या निवृत्तीवर आणली. पेन्शन जवळजवळ निम्मी. पंचायतीची ती निवड रद्द.

हुकूम घ्यायला आले, तेव्हा मी त्यांना पोवई नाक्यापर्यंत सोडायला गेलो. माझा संताप संताप झाला होता. “का बोललात तसं? काय मिळवलंत?”

ते चालता चालता थांबले. “भाऊसाहेब, गावानं मला मोठं कराया बघितलं. दोन्ही आळ्या एका दारातनं आत आल्या त्या दिवशी. त्याची शिक्षा म्हणून सुभेदाराला बेड्या पडल्या असत्या, तर पुन्ना कवा आल्या असत्या एका दारातनं?”

“पण तुमची नोकरी?”

“गेली. वाईट वाटतं मला. लय वाटतं.” त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “आन् एक करा. हे सुभेदाराच्या कानावर जाऊ देऊ नगा. लढाईतनं जिता आलाय त्यो, लाजंनं मरंल.”

मोटारीत बसताना त्यांनी सवयीनं एक हात पोटाशी धरला होता. गाडगं सकाळीच खात्यात जमा झालं होतं.

माझ्या आयुष्यात साधी सरळ माणसं पुष्कळ आली. त्यातली बरीचशी सरळ होती, कारण वाकायचा प्रसंगच त्यांच्यावर आला नव्हता. मणेरांचा सरळपणा मी वाकलेला पाहिला आणि तेव्हाच तो किती मोठा होता हे मला समजलं. आजही कुणी मला नीतीचे धडे द्यायला लागला, की मी मनात त्याला आमच्या साहेबांपुढे उभा करून बघतो. बहुतेकजण तिथं खरं बोलतात आणि सुटतात.

वर्ष-दीड वर्षानं, स्वराज्य येऊन गेल्यावर, मी फिरतीवर माणात गेलो. वाट वाकडी करून पळसखिंडीत उतरलो. गावात माणूस दिसेना. सगळे दोन्ही आळ्यांच्या मधल्या बोळापाशी जमले होते आणि तिथं विहिरीचं काम चाललं होतं. मणेरांची खोली होती ती जागाच खोदलेली दिसली. खोली पाडून त्यांनी विहिरीला जागा करून दिली होती, आणि घरमालकाला वरच्या-खालच्या दोन्ही आळ्यांनी मिळून माळावर दुसरी जागा दिली होती. नोकरीत नसल्यामुळे आता नियम आडवा येत नव्हता. फेरनिवडणुकीत गावानं त्यांना पुन्हा बिनविरोध निवडलं होतं. या खेपेला अर्ज त्यांनी स्वतः वाचून, स्वतः भरला होता.

सरपंच लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून खाली कामावरच्या माणसांत उभे होते. अंगभर माती. मला बघून त्यांनी हात हलवला. मी काठावरून हलवला. तेवढ्यात सुभेदार खाडे पुढे आले. त्यांनी माझा हात पकडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं.

“भाऊसाहेब, बघा आमचा डाक्टर! अशी नोकरी कोण सोडतं का? पेन्शनीला चार वर्सं ऱ्हायलेली. पर गावानं हाक मारली आन् गडी साताऱ्याला जाऊन नोकरी सायबाच्या टेबलावर ठिवून आला. आवं, म्यांच सही घेतली हुती डाव टाकून! न्हाईतर ह्यो माणूस गावाला गावला असता का?” त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला होता. “तुमी तवा तितंच हुता न्हवं? मग सांगा की समद्यास्नी, सायबाला काय बोलला त्यो?”

टिकाव थांबले. वरची आळी, खालची आळी, पाटी डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळे माझ्याकडे बघू लागले. खालून मणेरांनी मान वर केली. त्यांच्या नजरेत विनंती होती, आणि ती फक्त मला कळत होती.

मी म्हटलं, “साहेबांनी लय थांबवून बघितलं. पण डॉक्टर म्हणाले, मला माझ्या गावाला जायचंय.”

मणेरांनी मान खाली घातली, पाटी उचलली आणि ते पाठमोरे होऊन खोल उतरू लागले. सुभेदारांनी फेटा सारखा केला, अनवाणी टाचा जुळवल्या आणि त्या मातीनं माखलेल्या पाठीला कडक सलाम ठोकला. डॉक्टरांना तो दिसला नाही. पाठ दिसेनाशी झाली, तरी सुभेदारांचा हात कपाळावरून खाली आला नाही.